खिडकीतला हात

बंदकाकांना लहानपणापासून एकच प्रश्न पडत आला आहे: हे बंद पडलं तर? बाकीची मुलं नवं खेळणं चालवून बघायची. हे त्यातला एखादा तुकडा काढून ठेवायचे आणि आता चालतंय का ते बघायचे. एकदा त्यांनी स्वयंपाकघरातल्या स्टुलाचा एक पाय काढला, उरलेल्या पायांवर ते कोपऱ्यात भिंतीला टेकवून उभं केलं आणि पडत नाही असं बघून समाधानाने शाळेत निघून गेले. दुपारी त्याच्यावर वडील बसले. तेव्हापासून घरात काहीही मोडलं, सांडलं, हरवलं की पहिली हाक 'बाबू' अशीच ऐकू यायची. बाबू हे त्यांचं घरातलं नाव.

बायकोला पहिल्यांदा भेटले तेव्हाही इतर पुरुष विचारतात तसं काही त्यांनी विचारलं नाही. घरातलं पाणी गेलं तर तुम्ही काय करता, असं विचारलं. ती शाळेत गणित शिकवणारी. शेजाऱ्यांकडे बादली घेऊन जातो, म्हणाली. हे उत्तर त्यांना इतकं आवडलं की लग्नच ठरलं. पुढे एकदा तिने थट्टेत विचारलं, माझ्या जागी कुणी राखीव ठेवलेली नाही ना? काका अगदी गंभीरपणे 'अजून बघतोय' म्हणाले, आणि त्यानंतर काही दिवस त्यांना जेवण वाढलं जायचं, पण त्याच्याबरोबर एक शब्दही मिळायचा नाही.

बंदकाका हे नाव ऑफिसातल्या पोरापोरींनी पाडलेलं. ऑफिस म्हणजे शहरातल्या सगळ्या रक्तपेढ्यांची माहिती जिथे जमा होते ती जागा. कुठल्या पेढीत कुठल्या गटाच्या किती पिशव्या आहेत, कुठली पिशवी कुठल्या रुग्णालयाने उचलली, हे सगळं. ही माहिती एकाच मशीनवर ठेवली आणि ते मशीन बसलं, तर अख्खं शहर आंधळं. म्हणून ती तीन ठिकाणी असते. एक मशीन त्यांच्याच इमारतीच्या तळघरात, दुसरं नदीपलीकडे, तिसरं गावाबाहेर भाड्याच्या एका थंडगार खोलीत. पिशवी कुणी उचलली की तळघरातलं मशीन तसं लिहून घेतं आणि लगेच बाकीच्या दोघांना कळवतं. त्यातल्या निदान एकाने 'लिहिलं' म्हटल्याशिवाय पिशवी गेली असं कुणी धरत नाही. शिवाय ते पहिलं मशीन 'मी आहे, मी आहे' असा इशारा सारखा देत असतं. इशारा थांबला, की उरलेले दोघे आपसात ठरवतात की गेला बिचारा, आणि त्यातला एक त्याच्या जागी बसतो. रुग्णालयातल्या बाईला यातलं काही कळत नाही. ती नेहमीच्याच पत्त्यावर विचारते. उत्तर देणारा तेवढा बदललेला असतो.

निदान तसं व्हायला हवं. ते होतंय का हे बघणं हे काकांचं काम. म्हणजे काय, तर अधूनमधून, भर सकाळी, सगळी रुग्णालयं पिशव्या मागत असताना चालतं मशीन स्वतःच्या हाताने बंद करायचं.

नव्या आलेल्या मॅडमना हे कळलं तेव्हा त्या खुर्चीतून उठल्या. हे असलं काही करायचंच असेल तर रात्री का करत नाही, असं त्यांचं म्हणणं.

"मॅडम, रात्री फारसं कुणी मागत नसतं, तेव्हा सगळेच शहाणे असतात," काका म्हणाले.

घर पेटलं तर काय होईल हे बघायला कुणी घर पेटवत नाही, असं मॅडमनी ऐकवलं. ते काकांनाही पटलं. पेटवत नाही खरं, ते म्हणाले, पण मागचा जिना कुठे उतरतो ते एकदा दिवसाउजेडी उतरून बघतात. मॅडमनी जरा विचार केला आणि बघायला येऊन उभ्या राहिल्या. मग दोनच का नाहीत, तीन कशाला, असं त्यांनी विचारल्यावर काकांना स्फुरण चढलं. समजा दोघेच आहेत आणि दोघांच्या मधली नुसती तार तुटली. दोघेही धडधाकट. पण ह्याला वाटतं तो मेला, त्याला वाटतं हा मेला. मग दोघेही मालक होऊन बसतात आणि एकच पिशवी दोन रुग्णांना देऊन टाकतात. म्हणून तिसरा हवा, ज्याच्याकडे दोन मतं त्याने बसायचं. "दोघांच्या भांडणात कुणीतरी तिसरा लागतोच," असं काका म्हणाले, तेव्हा मॅडम म्हणाल्या की त्यांच्या घरी त्या तिसऱ्याला सासूबाई म्हणतात, आणि तिथूनच दोघांचं जमलं.

आता ह्या माणसाची आई.

आई एका थिएटरच्या तिकिटखिडकीवर होती. जाड भिंत, वर रंगवून बंद केलेली काच आणि खाली हात जाईल एवढं अर्धगोल भोक. नोकरीभर तिने माणसं पाहिली ती मनगटापर्यंत. शाळा सुटली की ताई आणि बाबू तिच्या मागे स्टुलावर बसून अभ्यास करायचे. पैसे घेऊन आलेल्या हातावरून आई सांगायची, हा शिंपी आहे, ही बाई घरी भांडून आली आहे. ती जेवायला उठली की दुसरी बाई त्या जागी बसायची. बाबू तेवढ्यात बाहेर जाऊन रांगेतल्या लोकांची तोंडं निरखायचा, आतली बदललेली कुणाच्या लक्षात येते का. कुणाच्याच यायची नाही. खिडकी तीच, तिकीट तेच, हात कुणाचा का असेना.

आता तिचं वय झालं आणि डोक्यातली पानं एकेक करून गळत चालली. आधी बहुतेक नावं गेली, मग चेहरे. उरलं ते अधलंमधलं. डॉक्टर तपासायला आले की त्यांना ती अदबीने सांगते, बाल्कनी संपली. ती ताईकडे राहते. ताई पडदे आणि उशांचे अभ्रे शिवून देते. घरातल्या पुढच्या खोलीत शिलाई मशीन आणि मागच्या खोलीत आई. आई जेवते ती फक्त ताईच्या हातून. गेल्या वर्षी ताईला एका दुखवट्याला जावं लागलं, तेव्हा काकू, म्हणजे काकांची बायको, येऊन बसल्या होत्या, पगारी मदतनीस बाई होती, पण आईने ओठ जे मिटले ते मिटले. पाणीसुद्धा घेईना. शेवटी दवाखान्यात नेऊन सलाईन लावावं लागलं. तेव्हापासून ताई गल्लीच्या टोकाला गेली तरी घड्याळ बघत परत येते.

आणि आता ताईच्याच पित्ताशयात खडे झालेले. ऑपरेशनची तारीख तिने दर वेळी काही ना काही सांगून पुढे ढकलली. शेवटी डॉक्टर म्हणाले, पुढचा झटका तारीख विचारून येणार नाही. काही दिवस तरी तिला रुग्णालयात राहणं भाग होतं. त्या दिवसांत आईला कोण भरवणार, एवढा एकच प्रश्न होता.

"मी," बंदकाका म्हणाले.

ताई हसली नाही, यातच सगळं आलं. काका आठवड्यातून एकदा येत, आईजवळ बसत, घरातला एखादा दिवा, नळ, बिजागरी दुरुस्त करून जात. आईला त्यांनी कधी घासही भरवला नव्हता.

काकांचं म्हणणं सरळ होतं. ऑपरेशनच्या दिवशी पहिल्यांदा करून बघायचं म्हणजे शुद्ध मूर्खपणा. ताई धडधाकट आहे तोवरच ताईने बाजूला व्हायचं आणि त्यांनी बसून बघायचं.

"म्हणजे मी मेले असं समजायचं."

"थोडा वेळ."

"किती गोड बोलतोस रे बाबू," ताई म्हणाली, आणि वाटी त्यांच्या हातात दिली.

पहिला दिवस अर्थातच वाया गेला. काकांना वाटत होतं आपल्याला आईबद्दल सगळं माहीत आहे. आईला आधी चहा लागतो, गोड लागतो, डाव्या बाजूला उशी लागते. त्यांनी कपात साखर ढवळायला घेतली, तेव्हा ताईने तो कप उचलून मोरीत ओतला. आईने चहा केव्हाच सोडला होता. उशीही आता उजवीकडे लागायची, कारण खांदा दुखायचा. पातळ काही घशाखाली उतरत नाही, ठसका लागतो, म्हणून भातही वरण जिरवून घट्ट करायचा.

"तुझ्याकडची आई जुनी आहे," ताई म्हणाली. "कधीतरी घेऊन गेलास, ती तशीच ठेवलीस."

हे वाक्य काकांना लागलं आणि पटलंही. ऑफिसातल्या एखाद्या मशीनबद्दल कुणी असं म्हटलं असतं तर त्यांनी त्याच दिवशी ते मशीन पहिल्याच्या पाठीला लावून सगळं नव्याने उतरवून घेतलं असतं. त्यांनी तेच केलं. रजा टाकली आणि ताईच्या मागे सावलीसारखे फिरायला लागले. भात किती मऊ, वाटी कुठली, खुर्ची कशी वळवायची, रुमाल कधी लावायचा. ताई वैतागून म्हणाली की हयात असताना नवरासुद्धा इतका मागे मागे फिरला नव्हता.

दुसऱ्या खेपेला सगळं बरोबर होतं. काका वाटी घेऊन बसले, आईने चमच्याकडे पाहिलंसुद्धा. तेवढ्यात स्वयंपाकघरातून ताईचा आवाज आला, "खा गं आई, बाबूच आहे." आईने मान तिकडे वळवली. चमचा गालाला लागला, भात पदरावर सांडला आणि ओठ मिटले. काकांनी कपाळावर हात मारला. ऑफिसातला पहिला नियम त्यांनी घरात मोडला होता. पहिलं मशीन खरोखर गप्प झालंय याची खात्री केल्याशिवाय दुसऱ्याने जागा घ्यायची नसते. तिथे ते सरळ त्याची वीजच तोडतात. ताईची वीज कुठून तोडणार?

काकू तिला बाजारात घेऊन गेल्या. पण ताई म्हणजे ताई. कोपऱ्यावरून तिने फोन केला, भाजीच्या दुकानातून केला, मग काकूंच्या फोनवरून केला. शेवटी काकांनी फोन गाद्यांच्या ढिगात कोंबला आणि आईसमोर बसले. तोच भात, तीच वाटी, तीच खुर्ची, उजवीकडे उशी, घरात चिटपाखरू नाही. आई त्यांच्या हाताकडे बघत होती. ओठ मात्र बंद.

दुसरं कुणी असतं तर रडकुंडीला आलं असतं. काकांनी वाटी खाली ठेवली आणि त्यांना जे वाटलं ते कुतूहल होतं. सगळं उतरवून घेतलं, एकही गोष्ट चुकली नाही, तरी ही मला ताईच्या जागी धरत नाही. म्हणजे ताई असं काहीतरी देते आहे जे मी उतरवूनच घेतलेलं नाही. ते काय? साबणाचा वास? शिवणयंत्राच्या तेलाचा? बांगड्या तर ताई घालत नाही.

ताई परत आल्यावर त्यांनी तिलाच भरवायला बसवलं. इतके दिवस ते ताईच्या मागे उभे राहून बघत होते. या वेळी ते आईच्या शेजारी जाऊन बसले, आईच्या बाजूने, आणि डोळे मिटून घेतले.

ताईला वाटलं, दमला बिचारा.

चमचा वाटीच्या काठावर वाजला. ठक ठक. मग आईचं तोंड उघडल्याचा छोटासा आवाज. घास. थोड्या वेळाने पुन्हा ठक ठक. पुन्हा घास. दर घासाआधी दोनदा.

काकांनी डोळे उघडले. "तू चमचा का वाजवतेस?"

"मी? मी कशाला वाजवू? मी काय बँडवाली आहे?"

"आता न वाजवता दे बघू."

ताईने चमचा भरला आणि मुद्दाम हात सांभाळत आईसमोर धरला. आई बघत राहिली. ओठ मिटलेले. ताईने तो आणखी जवळ नेला. काही नाही. मग तिचा हात आपसूक मागे आला, काठावर ठक ठक झालं आणि आईने तोंड उघडलं.

काका इतके खूश झाले की ताईच्या चेहऱ्याकडे बघायला त्यांना उशीर झाला. ताईने वाटी मांडीवर ठेवली होती.

"एवढंच होय," ती म्हणाली. "मला वाटायचं, कुणाला नाही तरी मला ओळखते."

काकांनी आईचा हात उचलून ताईला दाखवला. करंगळीशेजारच्या बोटावर अंगठीचा जुना, बुजत चाललेला वळ होता. खिडकीच्या लाकडी फळीवर ती अंगठी आपटून आई पुढच्या माणसाला बोलवायची. ठक ठक, म्हणजे पुढे या. दुपारभर त्या स्टुलावर बसून दोघांनी तो आवाज ऐकलेला. पण बाबू संधी मिळाली की बाहेर रांगेतल्या लोकांची तोंडं बघत हिंडायचा. ताई आत बसून राहायची, म्हणून तो ठेका तिच्या हातात उतरला.

"तुलाच ओळखते," काका म्हणाले. "तू अशीच येतेस तिच्याकडे."

ताईने नाक ओढलं आणि भात निवतोय म्हणाली.

काकांना तो ठेका जमायला वेळ लागला. आधी फार हळू वाजवला, मग इतक्या जोरात की आई दचकली. मधलं अंतर चुकायचं. ताई स्वतः वाजवताना विचार करायला लागली की तिचंही चुकायचं, मग ती काकांवर चिडायची की तू माझा हात बिघडवलास. शेवटी एका दुपारी काकू ताईला शेजारणीकडे घेऊन गेल्या, फोन इकडेच ठेवून. काकांनी वाटीच्या काठावर दोनदा वाजवलं. आईने त्यांच्या बोटांकडे पाहिलं, आणि तोंड उघडलं. त्यानंतर ताईने स्वतःहून तारीख घेतली.

ऑपरेशनच्या दिवशी काकू ताईबरोबर रुग्णालयात गेल्या. काकांनी आईला उठवलं, तोंड पुसलं, खुर्ची वळवली, उशी उजवीकडे लावली. ऑफिसात मशीन बंद करताना त्यांचा हात कधी कापत नाही, कारण बिनसलंच तर पहिलं मशीन पुन्हा चालू करता येतं. आज पहिलं मशीन भूल देऊन झोपवलेलं होतं. चमचा काठावर वाजला तो तीनदा. आई थांबली. त्यांनी हात खाली घेतला आणि पुन्हा वाजवलं, दोनदाच.

आईने घास घेतला. मग दुसरा. काका मनातल्या मनात सगळ्या जगाचे आभार मानत असताना आई अगदी सहज म्हणाली, "ताई, बाबू नाही आला का गं?"

चमचा अर्ध्यावर थांबला. काम फत्ते झालं होतं. विचारणारीने नेहमीच्या पत्त्यावर विचारलं आणि उत्तर देणारा बदललेला तिला कळला नाही. ह्यापेक्षा चांगला निकाल त्यांनी ऑफिसात कधी पाहिला नव्हता. फक्त ह्या खेपेला उत्तर देणारे ते स्वतः होते आणि चौकशीही त्यांचीच चालली होती. मी इथेच आहे म्हणावं, तर ओठ मिटायचे.

"येईल," ते म्हणाले. आणि मग राहवेना. आपण नसताना आपल्याबद्दल काय बोलतात हे कुणाला ऐकायला मिळतं? "कसा आहे गं तो?"

आईने घास चावून गिळला. घाई नव्हती.

"त्याला सगळं उघडून बघायचं असतं," ती म्हणाली. "पण परत लावून ठेवतो हं."

स्टुलाचा पाय काही त्यांनी परत लावला नव्हता. तो वडिलांनी लावला होता. पण आईच्या डोक्यात जे राहिलं होतं ते हे होतं, आणि काकांनी ते दुरुस्त केलं नाही. त्यांनी वाटीच्या काठावर दोनदा वाजवलं.

संध्याकाळी ताई शुद्धीवर आली आणि डॉक्टरांच्याही आधी तिने फोन मागितला. खाल्लं का, एवढंच विचारलं. सगळं खाल्लं, काका म्हणाले, आणि मला ताई म्हणाली.

"मग मी कोण आता?" ताईने बारीक आवाजात विचारलं.

"तू राखीव. झोप."

हसल्यामुळे टाके दुखले म्हणून तिने त्यांना शिवी दिली, आणि त्यावरून काकांना कळलं की ती बरी आहे.

ताई घरी आली ती पोटावर हात धरून, सावकाश पावलं टाकत. चप्पल काढायच्या आधी वाटी मागायला लागली. काकांनी दिली नाही. त्यांच्या ऑफिसात बंद पडून परत आलेलं मशीन आल्या आल्या मालक होत नाही. आधी ते मागे बसतं, आपण नसताना काय काय झालं ते उतरवून घेतं, मग पुढचं पुढे. चार दिवसांत आईत असं काय बदललं, ताई फणकारली. काकांनी सांगितलं. आता खुर्ची भिंतीकडे नको, रस्त्याकडे हवी. जाणारे-येणारे दिसले की घास लवकर उतरतो. दोडका थुंकते. आणि जेवण झालं की वाटीत हात घालून बघते, सुटे परत करायचे राहिलेत का.

ताई ऐकत राहिली. असं ऐकताना तिला काकांनी कधी पाहिलं नव्हतं.

"दोडका तिला आवडायचा," ती म्हणाली.

"तुझ्याकडची आई जुनी आहे."

ताईने उशी फेकून मारली, ती टाक्यांमुळे पुरती पोचली नाही. मग ती आईच्या शेजारी खुर्ची ओढून बसली. थोड्या वेळाने, आईकडेच बघत म्हणाली की बरी झाल्यावरसुद्धा बुधवारी आणि शनिवारी बाबूनेच यायचं. न वापरलेला हात विसरतो, असं कुणीतरी सांगत असतं ना सारखं. आणि त्या दिवशी ती बाजारात जाईल, सावकाश. फोन न करता.

"नक्की?"

"एखादाच करीन."

काकांनी चमचा भरला आणि काठावर दोनदा वाजवला. आईने तोंड उघडलं. शेजारी ताईचं बोटही खुर्चीच्या हातावर दोनदा वाजलं होतं. तिच्या ते लक्षात आलं नाही, आणि काकांनी सांगितलं नाही.